पितृपक्षात घेतलेले टायर

१९ ऑगस्ट, मंगळ.

पिकअपच्या टायरसाठी आज तिसरं दुकान. दीड तास उभा राहिलो आणि रिकाम्या हाताने परत. बायपासवरच्या पप्पू भियाने सहा तऱ्हेचे टायर भिंतीला टेकवून दाखवले. एकाचे गुटके, म्हणजे रबराचे उंचवटे, अर्ध्या विटेएवढे, मधल्या खाचेत अख्खा अंगठा जातो, तो चिखलाचा. एक मधला, थोडा रस्त्याचा, थोडा मातीचा. एक अरुंद, एक रुंद. मी प्रत्येकात बोट घालून पाहिलं. शेवटी तो वैतागला, "भिया, पेले ये बताओ, गाड़ी चलानी कां है?"

तेच तर सांगता येत नाही. देवासहून कन्नौदकडे ऐंशी-नव्वद किलोमीटर डांबर, मधे घाट, आणि शेवटचे दोन-तीन किलोमीटर शेतातली काळी माती. डांबराचा टायर मातीत बसतो. मातीचा टायर ओल्या डांबरावर घसरतो म्हणे. दोन्हीकडे चालणारा कुठेच धड चालत नाही, असं दुसऱ्या दुकानदाराने सांगितलं. त्याच्याकडे तो शिल्लक नव्हता म्हणून असेल.

घरी वंदना म्हणाली, "मला पाहायला आलात तेव्हा पंधरा मिनिटांत हो म्हणालात. टायरला तीन दुकानं?"



२१ ऑगस्ट, गुरु.

कन्नौदच्या अलीकडे, डांबर सोडून आत, एकाची बोअरची मोटर जळलेली. पावसाळ्यात हे काम कमी, पण ज्यांचं घरचं पाणीच बोअरवर आहे ते थांबणार कसे? मी आणि मांगीलाल. मांगीलाल रोजीवरचा माणूस, ताकद भरपूर, पण पाइप वर येताना गप्प उभा राहतो. संजू, माझा धाकटा भाऊ, बरोबर असता तर पाइपावर तळवा ठेवून म्हणाला असता, दादा थांब, अटकतंय.

येताना गाडी रुतली. मागची दोन्ही चाकं मातीने लिंपून गुळगुळीत, खाच कुठली आणि गुटका कुठला कळेना. ट्रॅक्टरने ओढली. ट्रॅक्टरवाला हसत होता, "कंई भिया, गाड़ी ने न्हवाड़वा लाया था कंई?"

गाडीला न्हाऊ घालायला आणली होती का म्हणे. मला हसू आलं नाही. ट्रॅक्टरची साखळी ताणली आणि गाडी जराशी आडवी सरकली, तेवढ्यात मी दार उघडून एक पाय बाहेर टाकला. मांगीलालने पाहिलं. 

२२ ऑगस्ट, शुक्र.

हे एकदा लिहून टाकतो. वर्षभर या डायरीत लिहिलेलं नाही.

गेल्या भादव्यात खातेगांवच्या बाजूला, नाल्याकाठची उतरती गाडीवाट, गाडी मी चालवत होतो. मागे काढलेले पाइप, त्यांना धरून संजू बसलेला. मागचे दोन्ही टायर रिमोल्ड, म्हणजे जुन्यावर नवं रबर चढवलेले. निघायच्या आधी संजू म्हणाला होता, "दादा, हे पावसात नको. नवे टाक." मी म्हणालो, एवढा सीझन निघेल. गाडी बाजूला सरकत सरकत नाल्यात कलंडली. संजूने उडी मारली, पण पाइपांचा भारा त्याच्या पायावर. नडगीत सळई. दहा महिने.

आता तो चालतो, थोडा लंगडतो. आमच्या मोटर दुरुस्तीच्या दुकानात बसून वाइंडिंग करतो, माझ्यापेक्षा चांगलं. पण गाडीत बसत नाही. स्कूटरवर बसतो, बसमध्ये बसतो. या गाडीत नाही.

मला कधी एक शब्द बोलला नाही.

२४ ऑगस्ट, रवि.

कविताने, संजूच्या बायकोने, जेवताना सांगितलं. तिच्या धारच्या भावाने पिथमपूरला एका मोटरच्या कारखान्यात संजूसाठी शब्द टाकलाय. बसून करायचं काम, पाळी ठरलेली, क्वार्टर मिळेल. दसऱ्यानंतर हजर व्हायचं.

आईने भात वाढायचा थांबवला. संजू ताटाकडे बघत म्हणाला, "अजून काही नक्की नाही."

मी म्हणालो, चांगलं आहे. आवाज माझाच होता, पण मला ओळखू आला नाही. वडिलांनी, अण्णांनी, दुकान उघडलं तेव्हा संजू जेमतेम शाळेत जायचा. तांब्याच्या तारेवर हात फिरवून कुठे लाख उडालीय ते तो तेव्हापासून सांगतो. असा माणूस दुसऱ्याच्या कारखान्यात पाळी करणार.

पण मी कुठल्या तोंडाने थांब म्हणू? डोक्यात एकच, टायर. एवढे चांगले टायर घालतो की तो स्वतः येऊन बसेल. नुसतं हे मनात आलं आणि जेवण झाल्यावर अंगणात चकरा मारत बसलो. वंदना म्हणाली, फरशी झिजेल.

२७ ऑगस्ट, बुध.

गणपती आणला. दरवर्षी गाडीतून आणतो, या वर्षी संजू म्हणाला मी आणतो आणि बाजारातून पायी आणला. पाटावर मूर्ती, तोंडावर रुमाल, पाय ओढत. वाटेत दोनदा थांबला असं शेजारच्यांनी सांगितलं. मी गाडी घेऊन मागून हळूहळू येत होतो. लोकांना वाटलं असेल मिरवणूक आहे.

आरतीत तोच सगळ्यात मोठ्याने म्हणतो. आजही.

३० ऑगस्ट, शनि.

धारला गेलो, कविताच्या माहेरी गौरीचं बोलावणं द्यायला. खरं कारण, अमझेऱ्याच्या बाजूला पिकअप चालवणारे लोक काय घालतात ते बघायचं होतं. तिकडे चढ-उतार, दगड, माती सगळंच.

स्टँडजवळ एक म्हातारे ड्रायव्हर भेटले. सगळे त्यांना मामा म्हणतात. त्यांच्या गाडीला अरुंद, उंच, साधे लोडचे, म्हणजे ओझ्याचे, टायर, मागच्यांना आडव्या गुटक्यांची नक्षी. मी म्हणालो, रुंद का नाही? म्हणाले, "चौड़ा टायर कीचड़ के ऊपर तैरता है, शौकीन लोगों के लिए ठीक है। अपने को बोझा ले जाना है। पतला नीचे काट के सख्त ज़मीन पकड़ता है। और हवा थोड़ी कम।"

 वाटेत इंदूरला दुसऱ्या एकाला विचारलं, तो म्हणाला अरुंद म्हणजे बैलगाडी, रुतणारच.

परत येताना डोकं भणभणत होतं. आता मी समोरून येणाऱ्या प्रत्येक गाडीची चाकं आधी बघतो, ड्रायव्हर नंतर. एक दिवस हे महागात पडणार आहे.

३ सप्टें., बुध.

झोप नीट नाही. पहाटे उठून कागदावर लिहिलं, रुंद/अरुंद, मातीचा/मधला, चारही/फक्त मागे. मग खोडलं. मग परत लिहिलं. दुकानात एका गिऱ्हाइकाच्या मोटरीला उलट्या बाजूने जोडणी दिली. संजूने सोडवून परत बांधली.

मग तोच म्हणाला, "दादा, टायरचं काय चाललंय तुझं?"

"बघतोय."

"बघ." आणि तार गुंडाळायला लागला.

६ सप्टें., शनि.

ठरलं! अरुंदच. लोडचे, दहा थरांचे, मागे मातीच्या गुटक्यांचे, पुढे मधले. मामांचं ऐकलं. पप्पू भियाला सांगितलं, तो म्हणाला इंदूरहून सोमवारी येतील.

गणपती बोळवले. खूप दिवसांनी पोटभर जेवलो.

८ सप्टें., सोम.

मूर्ख मी. एक नंबरचा.

पप्पू भियाकडे गेलो तर तो हात झाडत, "अरे भिया, आज से तो श्राद्ध लग गए। नई चीज़ कां ले रिये हो? मैं तो ऑर्डरइ नी डाला। नवरात्र में लेना।"

घरी येऊन आईला म्हणालो तर ती माझ्याकडे असं बघायला लागली, जणू मी देव्हाऱ्यात चप्पल घालून गेलोय. "पितृपक्षात नवी वस्तू? तीही गाडीची? आणि अण्णांची तिथी दशमीला!"

पंधरा दिवस. तीन आठवडे मी दुकानं मोजत फिरलो आणि पंचांग एकदा उघडलं नाही. वंदना हसली नाही, तिला माझी दया आली. ते जास्त लागलं.

१० सप्टें., बुध.

आज दोन गोष्टी.

एक. कन्नौदच्या पुढचे पटेल, आमचे अण्णांच्या वेळेपासूनचे गिऱ्हाईक, त्यांची मोटर बोअरमध्ये अडकली. तीनशे फूट. ओढायला गेले तर दोरी तुटली. फोनवर म्हणाले, "छोटे भिया ने लाओ, नी तो म्हारो बोर गयो।" छोटे भिया म्हणजे संजू. तो शेजारीच होता, फोन मोठ्याने चालू होता.

फोन ठेवल्यावर संजूने हातातली तार पूर्ण गुंडाळली. मग म्हणाला, "टायर आले की एकदा बघू. एक फेरी मारून बघू."

वर्षात पहिल्यांदा. मी मागे जाऊन नळाखाली तोंड धुतलं.

दोन. संध्याकाळी कविताचा फोन वाजला. कारखान्याचा फॉर्म आता १८ तारखेपर्यंत भरून हवाय. त्यांना कुठला पितृपक्ष?

नवे टायर २२ च्या आधी नाहीत. फॉर्म १८ ला. मधले चार दिवस मला खाऊन टाकणार.

१२ सप्टें., शुक्र.

आईला म्हणालो, नव्या टायरांवर एक फेरी, फक्त एक. ती म्हणाली, "अण्णा तुला वरून बघतायत." अण्णांनी गाडीचे टायर कधी बघितले नाहीत, ते सायकलवर जायचे. हे बोललो नाही.

दुपारी एकदम सुचलं. नवी वस्तू नको. पण जुनी?

आईला विचारलं, अगदी सहज, वापरलेली वस्तू घेतली तर? ती शेंगा सोलत होती. "जुन्याला कसला आलाय दोष. घे."

मला उड्या माराव्याशा वाटल्या.

१३ सप्टें., शनि.

इंदूर. एका जीपच्या शौकीन मुलाने काढून ठेवलेले चार टायर. दर रविवारी टेकड्यांवर चिखलात गाड्या घालतात ना, त्यातला. आता त्याला यापेक्षा मोठे हवेत. टायर म्हणजे काय सांगू, गुटके जसेच्या तसे, बाजूला रबराचे केससुद्धा राहिलेले. जेमतेम फिरलेले. कापडाखाली ठेवलेले.

रुंद आहेत. मामा म्हणाले होते अरुंद. पण खाचा किती खोल!

घेतले. गाडीत घालून आणले. वाटभर आरशात मागे बघत होतो.

१५ सप्टें., सोम.

बसवले. गाडी एकदम उंच दिसते, छाती काढलेली. डांबरावर घूं-घूं असा आवाज येतो, बायपासवर लोक वळून बघतात. मांगीलाल म्हणाला, अब तो पहाड़ चढ़ जाएगी.

उद्या अण्णांचं श्राद्ध. संजू घरीच आहे. उद्या दाखवतो. बोलायचं काही नाही, फक्त दारात उभी करायची. परवा पटेलांकडे जाऊ. मग १८ ला तो स्वतःच फॉर्म फाडेल.

वंदना म्हणाली, "त्याला विचारलंत का, कोणते घेऊ?"

म्हटलं, आश्चर्य असू दे.

१६ सप्टें., मंगळ.

श्राद्ध झालं. कावळा लगेच शिवला. आई म्हणाली अण्णा प्रसन्न आहेत.

जेवणं आटोपली आणि संजू अंगणात आला. गाडीभोवती एक फेरी मारली. मी ओसरीत, पान लावायचं नाटक करत. तो मागच्या चाकाशी खाली बसला, पाय बाजूला सरळ ठेवून, आता त्याला तसंच बसावं लागतं. टायरच्या बाजूवरून अंगठा फिरवला, ओला करून परत फिरवला.

"दादा, हे कुठून घेतले?"

सांगितलं. जुन्याला दोष नाही, तेही सांगितलं. हसतच सांगितलं.

"इकडे ये."

मी गेलो. त्याने दाखवले चार आकडे, छोट्या चौकटीत. शेवटचे दोन, सोळा, म्हणजे टायर बनल्याचं साल. "नऊ वर्षांचे आहेत. रबर बघ." नखाने दाबून दाखवलं, खाचेच्या तळाशी बारीक चिरा. "आणि हे जीपचे आहेत, लोडचे नाहीत. तीनशे फुटांचे पाइप घातलेस की बाजूने फाटतील. घाटात."

मी काहीतरी बोललो. पितृपक्ष, चार दिवस, पटेल.

तो उठला, माझ्या खांद्याला धरूनच उठला. "दादा, गेल्या वर्षी तू म्हणालास एवढा सीझन निघेल. या वर्षी पितृपक्ष. तुला दर वेळी काहीतरी सापडतं."

रागावलेला नव्हता. रागावला असता तर बरं झालं असतं.

१६, दिवेलागणीला.

एक गोष्ट वर लिहिली नाही. ते चार आकडे मला शनिवारी दिसले होते. तो मुलगा म्हणाला, ठेवलेलेच होते ना अंकल, आणि मी बोट काढून घेतलं. मी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. ही माझी जुनी खोड आहे. रिमोल्डच्या वेळीही झिजलेली कड मला दिसली होती.

१८ सप्टें., गुरु.

संजू सकाळच्या बसने धारला गेला. फॉर्म घेऊन. कविता कालच गेलेली. जाताना माझ्या पाया पडला, नेहमीसारखा. मी डोक्यावर हात ठेवला.

दुकानात त्याचं स्टूल. तारेचं रीळ अर्धवट. मांगीलालने त्यावर बसायला घेतलं, मी ओरडलो. मग त्याला चहा पाजला.

टायर काढून टाकले. गाडीला परत ते रस्त्याचे चढवले, अपघातानंतर घाईघाईत घेतलेले. ते चार जीपचे टायर दुकानामागे पडलेत.

१९ सप्टें., शुक्र.

मला बसवत नाही, उभं राहवत नाही. सकाळी दुकान उघडलं, नऊला बंद केलं, साडेनऊला परत उघडलं. पटेलांचा फोन घेतला नाही.

वंदनाने विचारलं, "वर्षभरात तुम्ही त्याला कधी म्हणालात का, की माझी चूक झाली?"

म्हटलं, त्याला माहीत आहे.

"ते नाही विचारलं मी."

वंदनाचा राग आला. मग तासाभराने स्वतःचा. खरंच म्हणालो नाही. हॉस्पिटलात डॉक्टरांशी बोललो, औषधं आणली, त्याला उचलून संडासला नेलं, जेवण भरवलं. टायर बघत महिनाभर फिरलो. तेवढे तीन शब्द सोडून सगळं केलं.

उद्या धारला जातो.

२० सप्टें., शनि.

दुपारी लिहितोय, आत्ताच आलो. क्रमाने लिहितो, नाहीतर विसरेन.

पावणेअकराला धार. कविताच्या माहेरी अंगणात संजू सासूबाईंचा मिक्सर उघडून बसलेला. जावई गेले की तिथली सगळी बंद पडलेली यंत्रं त्याच्यासमोर येतात. मला बघून म्हणाला, "काय झालं? आई बरी आहे ना?"

आई बरी आहे म्हणालो. उभाच राहिलो. मग बोललो, सगळ्यांसमोर. सासूबाई दारात होत्या, कविता होती, तिचा भाऊ अंघोळ करून टॉवेलवर.

"संजू, रिमोल्ड मी टाकले होते. तू नको म्हणाला होतास. तुझा पाय माझ्यामुळे गेला. चूक माझी."

त्याच्या हातातला पेचकस थांबला नाही. दोन स्क्रू त्याने बसवले. मग म्हणाला, "हे सांगायला धारपर्यंत आलास? घरी तर रोज भेटतोस."

"घरी जमलं नाही."

"वर्षभर वाट पाहिली मी दादा. मी टायर मागत नव्हतो रे."

मी सासूबाईंकडे पाणी मागितलं. त्यांनी पाणी आणलं, वर गूळ.  कविताचा भाऊ आत जाऊन शर्ट घालून आला. मिक्सर चालू झाला तेव्हा सगळे दचकले.

फॉर्मचं मी विचारलं नाही. कविताच म्हणाली, हे कारखाना बघून आले, फॉर्म कोराच परत आणलाय, साहेबांकडून आठ दिवस मागून घेतले.

निघताना संजू पिशवी घेऊन आला. गाडीचं दार उघडून उभा राहिला. मी किल्ली लावली, पण फिरवली नाही. तो बसला. पट्टा लावला, वरची कडी धरली, आणि इंदूर येईपर्यंत कडी सोडली नाही. बोटं पांढरी पडली होती. मी चाळीसच्या वर गेलो नाही. मागून ट्रकवाले शिव्या देत होते, देऊ देत.

इंदूर सोडल्यावर पूल दुरुस्तीसाठी रस्ता बाजूने वळवलेला, शेतातून, पन्नासेक पावलं काळा चिखल. कालच्या पावसाचं पाणी साठलेलं. संजू म्हणाला, "थांब."

थांबलो. तो उतरला. पँट वर दुमडली, ती सळईची लांब खूण दिसली. चप्पल हातात घेऊन चिखलात शिरला, पायाने चाचपत. एका जागी पाय घोट्याच्या वरपर्यंत रुतला, तिथून मागे आला, डावीकडून गेला. पलीकडे जाऊन वळला आणि हात वर केला. "डावं चाक माझ्या पावलांवर ठेव. रेस सोडू नको. थांबू नको."

मी त्याच्या पावलांवर चाक ठेवलं. गाडी दोनदा डुलली. तो मागे मागे सरकत हात हलवत होता, ये, ये, ये. मागून येणाऱ्या मोटरसायकलवाल्यांनाही त्याने थांबवून ठेवलं होतं.

पलीकडे गेल्यावर पाय न धुताच आत बसला. सगळी काळी माती माझ्या पायपुसणीवर. मग परत कडी धरली.

 एकदा तो म्हणाला, पुढच्या डाव्या चाकात हवा कमी आहे. होती.

२२ सप्टें., सोम.

घटस्थापना. आईने घट बसवले आणि म्हणाली, जा आता, काय घ्यायचं ते घ्या.

संजू म्हणाला, "मी येतो. टायर मी बघतो. पिथमपूरचं ते वेगळं."



पप्पू भियाकडे त्याने सात मिनिटांत निवडले. अरुंद, लोडचे. प्रत्येकाचे चार आकडे वाचले, एक मागे सारला, त्याच्याऐवजी दुसरा काढायला लावला. मी शेजारी उभा. चार झाल्यावर मी म्हणालो, बस. तो म्हणाला, "पाच."

गाडीच्या खाली वाकला, स्टेपनीची साखळी सैल केली. स्टेपनी खाली आली. रिमोल्ड. त्या दिवशीच्या दोनांपैकी जो फाटला नव्हता तो. वर्षभर माझ्या गाडीखाली, माझ्याच हाताने टांगलेला, आणि मी तो कधीच मोजला नाही. मी काही बोलायच्या आत त्याने तो उभा केला आणि लंगडत, एका हाताने ढकलत, दुकानाच्या कोपऱ्यातल्या भंगाराकडे नेला. मदत करू का म्हणालो. मान हलवली, नको.

पप्पू भिया बघत होता. त्याला काही माहीत नाही, त्याने सरळ विचारलं, "तो संजू भिया, वापस गाड़ी पे आ रिये हो?"

 महिनाभर जे विचारायला मी धजलो नाही, ते याने चहाच्या घोटासारखं विचारलं.

संजूने हात पुसले. "पेले टायर चढ़ाओ भिया."

टायर चढले. पाच. मी तिथूनच पटेलांना फोन लावला, उद्या साडेसातला निघतो म्हणालो, मी निघतो की आम्ही निघतो असं काहीतरी, मला आठवत नाही. संजू समोरच होता. हवा मोजत होता, मागच्या चाकाची थोडी सोडली, परत मोजली.

फॉर्म अजून कोरा आहे. घरी आल्यावर त्याने तो फडताळात ठेवला, वर तांब्याच्या तारेचं रीळ. उद्यासाठी गाडीत काय काय घालायचं ते मी विचारलं तर म्हणाला, पाइप ओढायची तिपाई घे, मोठी साखळी घे, आणि जास्तीची दोरी घे, तुटलेली काढायला लागेल. तो येतोय की नाही ते मी विचारलं नाही. आत्ता अंगणात तो आणि मांगीलाल पाइप मोजतायत, मोठ्याने.